कचरागाडीचं वळण

मी हात वर केला, त्यामागे दुसरं काहीही कारण नव्हतं. रिकार्डाने तोवर दोनदा वर केला होता, एवढंच.

आमच्या गावातल्या ‘वाळूतले किडे’ या बालवाडीची पालकसभा चालू होती. (नावाला हसू नका. ओहोटी लागली की किनाऱ्यावर ओल्या वाळूची शेवयांसारखी वेटोळी दिसतात, ती या किड्यांची कामगिरी, आणि आमच्याकडे त्यांचा फार अभिमान आहे. पलीकडच्या गावातली बालवाडी ‘खेकडे’ म्हणून आहे. तिथे तर आणखी रांग.) ही बालवाडी पालकच चालवतात. भिंतींना रंग पालक देतात, गवत पालक कापतात, आणि कोणाचं मूल घ्यायचं तेही पालकच मतदान करून ठरवतात. ऑगस्टपासून एकच जागा रिकामी होणार होती. उमेदवार दोन, आणि कामासाठी कोण किती हात वर करतं ते सगळे पाहत होते. रिकार्डाचा मुलगा बोसे आणि आमची लेक टोम्के.

टोम्के पावणेतीन वर्षांची. यादीत तिचं नाव घातलं तेव्हा ती माझ्या पोटात होती आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे लिंबाएवढी होती. तरी नंबर लागला नव्हता. आणि एक सप्टेंबरला मला कामावर हजर व्हायचं होतं. बंदराच्या कचेरीत मी भरती-ओहोटीची वेळापत्रकं करते. बाळंतपणानंतरची रजा ताणून ताणून संपत आली होती. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, “गेझिना, समुद्र कोणासाठी थांबत नाही. मी तीन वर्षं थांबलो. आता पुरे.” म्हणजे जागा मिळाली नाही तर नोकरी गेली, इतका सरळ हिशेब होता.

तर सभा. वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर आम्ही सगळी मोठी माणसं गुडघे कानाशी घेऊन बसलो होतो. अध्यक्ष डीर्क्सबाई. या बालवाडीत सगळ्यांनी एकमेकांना अगं-अरे म्हणायचं असा ठराव आहे. पण डीर्क्सबाईंना अगं म्हणायला अजून कोणाची जीभ वळलेली नाही. त्या एका जाड वहीत सगळं लिहून घेतात. कोणी खोकलं तरी मला वाटतं त्या लिहितात.

“विषय सहावा,” त्या म्हणाल्या. “उन्हाळी मेळावा. यंदाचं सूत्र, ‘बालवाडीची सुरक्षित वाट’. खाण्याचं?”

रिकार्डाचा हात वर. “मी एकशेवीस मफिन करीन. साखर न घालता. जुन्या गव्हाचे.”

“सजावट?”

पुन्हा रिकार्डाचा हात. “घरी लोकर पडलीच आहे.”

(रिकार्डाचं एक वाईट आहे. ती खरोखरच चांगली आहे, त्यामुळे तिचा मनापासून राग करता येत नाही.)

“आणि एक छोटा रस्ता हवा,” डीर्क्सबाई म्हणाल्या. “टेबलावर मांडलेला, चालत्या गाड्यांचा. वळणं, थांबा, आपली बालवाडी. म्हणजे मुलांना कळेल, रस्त्यावर कसं वागायचं. कोण करेल?”

सगळे आपापल्या मोज्यांकडे पाहू लागले. माझ्या डोळ्यांसमोर साहेब आले, त्यांच्या मागे समुद्र आला, आणि हात आपोआप वर गेला.

“मी करते,” मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. “माझं शिक्षण गणितात झालंय,” असंही म्हटलं.

डीर्क्सबाईंनी ते लिहून घेतलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. एन्नो नगरपालिकेच्या रस्तेखात्यात आहे. बंद गल्लीच्या टोकाला कचरागाडी वळेल एवढी जागा सोडली आहे की नाही हे तपासायचं, हे त्याचं काम. तेवढंच काम. आठ वर्षं तो तेच करतोय, आणि जेवताना त्याबद्दल बोलायचं नाही असा आमच्यात करार आहे. माझं ऐकून त्याचा चेहरा असा उजळला की तो करार मोडला हे मला बोलण्याआधीच कळलं.

“वळणं!” तो म्हणाला. “गेझिना, माणसांना वाटतं सरळ रस्ता महत्त्वाचा. सरळ रस्ता कोणीही काढेल. खरी परीक्षा वळणावर असते.”

“अरे, लहान मुलांचा मेळावा आहे.”

“म्हणून काय चुकीचं वळण काढायचं?”

आमच्याकडे या प्रश्नापुढे कोणाचंच काही चालत नाही.

गाड्यांचा प्रश्न शेजारच्या हार्मकाकांनी सोडवला. हार्मकाकांनी एकतीस वर्षं किनाऱ्याच्या रस्त्यावर बस हाकली, आणि निवृत्त झाल्यावर काचेच्या कपाटात छोट्या गाड्यांचा ताफा बाळगला. खरीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या त्या गाड्या. पोटात मोटर, पुढच्या चाकांपाशी लोहचुंबक. रस्त्याच्या पोटात एक बारीक तार पुरायची. चुंबक तारेच्या मागे जातो, चाकं चुंबकाच्या मागे जातात, गाडी चाकांच्या मागे जाते. आमच्या घरात मी, एन्नो आणि टोम्के यांचंही साधारण असंच चालतं, फक्त तार कुठे पुरलीय ते कोणालाच माहीत नाही.

काकांनी मला चहाला बसवलं. आमच्याकडे चहाला बसणं म्हणजे तीन कप. तळाशी खडीसाखर, वर साय, आणि ढवळायचं नाही. पुरे झालं असेल तर चमचा कपात उभा ठेवायचा. चमचा ठेवला नाही तर समोरचा ओततच राहतो.

“ही मालवाहू छोटी गाडी घेऊन जा तालमीला,” काका म्हणाले. “मोठी बस, ॲम्ब्युलन्स आणि कचरागाडी मी त्याच दिवशी घेऊन येईन. त्या मी कोणाच्या घरी ठेवत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. तुमची टोम्के गाड्या चाटते.”

“हो,” मी म्हटलं. त्यात वादच नव्हता.

“आणि एक सांगतो वळणांबद्दल. बस कशी असते, तिचं तोंड एकीकडे जातं, आणि...”

पण टोम्के एकटी एन्नोजवळ होती आणि एन्नो घरी मोजपट्टी शोधत होता, म्हणून माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. मी कपात चमचा ठेवला. काकांनी चमच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. त्यांच्या पिढीत एकदा चमचा ठेवला की चहाही संपतो आणि विषयही. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, “वळण जरा मोठं घे, म्हणजे झालं.”

‘मोठं’ म्हणजे किती? मी गणित शिकलेली बाई. मला ‘जरा मोठं’ घेऊन काय करायचंय?

रस्त्यासाठी पाया म्हणून तळघरात पडलेलं जुनं दार घेतलं. चांगलं भक्कम ओकचं. फक्त त्याच्या वरच्या अंगाला पूर्वी काच होती, ती फुटून तिथे हातभर लांब आणि वीतभर रुंद भोक राहिलं होतं. एन्नो म्हणाला, भोक बुजवू. मी म्हटलं, कशाला? आपल्या गावातून कालवा जातो ना, हाच तो कालवा. निळा जिलेटीन कागद ताणून चारही बाजूंनी टाचण्या मारल्या. उन्हात धरल्यावर पाण्यासारखा चमकला. एन्नोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तसं लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. (लग्नाच्या दिवशी तो नोंदणी कचेरीसमोर गाड्या कशा लागल्यात ते पाहत होता.)

कालव्याच्या काठावर बालवाडीचं छोटं घर. रस्ता दाराच्या खालच्या टोकाकडून सरळ येणार, कालव्याच्या अलीकडे डावीकडे वळणार, काठाकाठाने बालवाडीच्या थांब्यावर जाणार. कालवा आणि घर यांच्यात जागा फार थोडी उरली. वळण आवळून घ्यावं लागणार होतं.

“किती आवळता येईल?” मी विचारलं.

ज्या प्रश्नाची आठ वर्षं वाट पाहिली तो अखेर बायकोने विचारला होता. एन्नो आतून नियमांचं पुस्तक घेऊन आला.

“तीन आसांची कचरागाडी,” तो वाचू लागला, “बाहेरून मोजलेली वळणाची त्रिज्या सव्वादहा मीटर. भागिले सत्त्याऐंशी...”

“अकरा पूर्णांक आठ सेंटीमीटर,” मी म्हटलं.

“यात रस्त्यावरचं सगळ्यात अवघड वाहन बसतं. मग बस, ॲम्ब्युलन्स, सगळं आलंच त्यात.”

मी तीनदा तपासलं. सरळ रस्त्यावरून एकदम वळणात शिरायचं नाही, आधी हलकेच वळायला लागायचं, मग जास्त, म्हणून त्या रेघेचं वेगळं गणित केलं. ते गणित इतकं सुंदर जमलं की मी ते फ्रीजवर लावलं. टोम्केने ते चाटलं.

पुढचं सगळं शनिवारी उरकायचं होतं. खाच पाडायचं यंत्र किंचाळतं. रविवारी ते चालवणं शक्यच नाही, आणि शनिवारीही दुपारी एक ते तीन आमच्या गल्लीत जोरात शिंकलेलं चालत नाही. समोरच्या खिडकीत एक आजी घड्याळ घेऊन बसलेल्या असतात. सगळी वळणं पाडून झाली, कालव्याजवळचं तेवढं राहिलं, तेव्हा बारा वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती.

“जरा मोठं घ्यायचं का?” मी विचारलं. मला हार्मकाका आठवले होते. “घर थोडं सरकवू.”

“अगं, घर सरकवायचं तर थांबा सरकेल, थांबा सरकला तर पादचाऱ्यांच्या पट्ट्या सरकतील. पाच मिनिटं आहेत. आणि आकडा बरोबर आहे ना?”

आकडा बरोबर होता. एकला दोन मिनिटं कमी असताना खाच पुरी झाली. आजींनी खिडकी लावली.

मग तार बसवली, वर पुट्टी भरली, राखाडी रंग दिला, आणि दुपारी तीन वाजून एक मिनिटाने मालवाहू छोटी गाडी सोडली. ती सरळ आली, हलकेच वळायला लागली, कालव्याच्या काठावरून अशी अलगद फिरली की मी डोळे पुसले. एन्नोनेही पुसले. सतरा फेऱ्या घातल्या. एकदाही चुकली नाही. मी फोटो काढून पालकांच्या फोनवरच्या गटात टाकला. चूक असेल तर ती तिथे झाली.

पहिलं उत्तर फोल्कर्टचं आलं. फोल्कर्ट हा दोन मुलांचा बाप. तो पावसातसुद्धा मुलांना सायकलच्या पुढच्या खोक्यात घालून आणतो आणि बाकीच्यांच्या मोटारींकडे मूकपणे पाहतो.

“मेहनत दिसते,” त्याने लिहिलं. “पण आपण मुलांसमोर खासगी वाहनं ठेवणार आहोत का?”

“ती मालवाहू गाडी आहे,” मी लिहिलं.

“कोणाचा माल?” त्याने लिहिलं. “घरबसल्या मागवलेला?”

त्यानंतर दोन दिवस माझा फोन टेबलावर थरथरत फिरत होता. रस्ता मुळात असावा का? पादचाऱ्यांच्या पट्ट्या पुरेशा रुंद आहेत का? बालवाडीच्या घराला चाकाच्या खुर्चीसाठी उतार का नाही? बसमध्ये रंगवलेल्या प्रवाशांत आजी-आजोबाच जास्त का? शेवटी डीर्क्सबाईंनी गटातच मतदान घेतलं. ठराव झाला: रस्ता असेल, पण त्यावर फक्त लोकांच्या सोयीची वाहनं धावतील. बस, ॲम्ब्युलन्स आणि कचरागाडी.

म्हणजे जी एकमेव गाडी ते वळण घेऊ शकते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, तिच्यावर बंदी आली.

“काही बिघडत नाही,” एन्नो म्हणाला. “आपलं वळण कचरागाडीसाठीच आहे.”

“तू नक्की सांगतोयस?”

“गेझिना, हे मी नाही सांगत. पुस्तक सांगतंय.”

मेळाव्याच्या दिवशी असं ऊन पडलं, जसं आमच्याकडे वर्षातून चारदाच पडतं. अंगणात दाराचा रस्ता सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर मांडला. डीर्क्सबाई एक छापील पत्रक घेऊन आल्या. खाद्यपदार्थ सावलीत ठेवावेत असं त्यात लिहिलं होतं. अंगणात एकच झाड, त्याखाली बॅन्ड. सावली उरली ती माझ्या दाराखाली.

“तुझी हरकत नाही ना?” रिकार्डा म्हणाली आणि एकशेवीस मफिनांची तबकं दाराखाली सरकवू लागली. वर तिने लोकरीने विणलेले रुमाल झाकले. “किती सुरेख केलंयस गं. मला तर असली बुद्धीच नाही.”

“कुठलं काय,” मी म्हटलं आणि मनात तिच्याहून एक गुण पुढे गेले.

हार्मकाका आले. प्रत्येक गाडी मऊ फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने चालवला, कालव्यापाशी आले आणि थांबले.

“पोरी,” ते म्हणाले, “हे वळण जेवायच्या ताटलीएवढं आहे.”

“अकरा पूर्णांक आठ, काका.”

“बसला लहान मुलाच्या सायकलचं चाक असतं ना, तेवढं लागतं.”

“पण खरी कचरागाडी एवढ्यात वळते,” एन्नो मधे पडला. पुस्तक त्याच्या काखेत होतं. “मी रोज पाहतो.”

“खऱ्या कचरागाडीत माणूस बसलेला असतो,” काका म्हणाले. “तो चाक पिळतो, मागे घेतो, शिव्या देतो, पुन्हा पिळतो. या बिचारीची चाकं वळतात तेवढीच वळतात. मागचं धड तर वळतच नाही. मी सांगणार होतो त्या दिवशी. तू चमचा ठेवलास.”

मी त्यांची बाही धरली. “आता काय करायचं?”

“आता?” काकांनी मागे पाहिलं. चाळीस मुलं दाराभोवती जमली होती. त्यांच्यामागे पालक. पालकांच्या पुढे डीर्क्सबाई, हातात वही. “आता देवाचं नाव घ्यायचं.”

डीर्क्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. “मुलांनो! आता आपण बघणार, बालवाडीची वाट कशी सुरक्षित असते.”

बस निघाली. पिवळी, चकचकीत, खिडक्यांतून बावीस रंगवलेली माणसं बाहेर पाहत होती. सरळ रस्ता तिने डौलात कापला. माझ्या फ्रीजवरच्या गणितापाशी आली आणि हलकेच वळायला लागली. मग आणखी. मग तिची चाकं वळायची तेवढी वळून झाली, चुंबकाने तार सोडली, आणि बस बालवाडीचा थांबा डाव्या हाताला ठेवून शांतपणे सरळ कालव्यात गेली.

जिलेटीन फाटल्याचा आवाज मोठा होतो. मला तो अजून ऐकू येतो.

मग खालून आणखी एक आवाज आला. टक्.

बोसे रांगत दाराखाली गेला आणि ओरडला, “बस मफिनवर आहे!”

“मफिनला काही झालं का?” रिकार्डाने विचारलं.

“नाही! बसचा आरसा तुटला!”

“बस जरा लांब पडते,” मी मोठ्याने म्हणाले. (असं काही घडलं की मी स्पष्टीकरण देते. कोणी मागितलेलं नसतं.) “बाकीच्यांचं तसं होणार नाही.”

बाकीच्यांना थांबवायचं कसं, हे मात्र आम्ही ठरवलं नव्हतं. काकांनी सगळ्या गाड्या चालू करून ओळीने सोडल्या होत्या. ॲम्ब्युलन्स आधीच सरळ रस्त्याला लागली होती. तिचा दिवा लुकलुकत होता.

“ती त्यांना वाचवायला चाललीय!” एक मुलगी म्हणाली.

तिचा विश्वास खरा ठरला. ॲम्ब्युलन्स जिथून बस गेली नेमकी तिथून गेली. टक्.

मुलांनी जल्लोष केला.

“गेझिना,” डीर्क्सबाई हळू आवाजात म्हणाल्या, “आपलं सूत्र काय होतं?”

“सुरक्षित वाट,” मी म्हटलं.

मागून फोल्कर्ट म्हणाला, “सार्वजनिक वाहतुकीबद्दल मुलांच्या मनात काय चित्र तयार होतंय याचा विचार झाला पाहिजे.”

“अरे, खासगी गाडीवर बंदी तूच घातलीस!” मी म्हटलं. “ती वळत होती! सतरा वेळा वळली!”

“हे नेहमीचंच समर्थन आहे,” फोल्कर्ट म्हणाला.

एवढ्यात कचरागाडी सरळ रस्त्याला लागली. ती केशरी, तीन आसांची, एन्नोच्या आयुष्याचं सार. मी झेप घेतली. तिला उचलावं आणि पोटाशी धरून पळून जावं असं मनात होतं. एन्नोने माझं मनगट धरलं.

“थांब,” तो म्हणाला. “ही जाईल.”

“एन्नो, नाही जायची.”

“ही नियमात बसते.”

काय सांगू? त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मीही एक क्षण थांबले. संसारात असे क्षण येतात, जेव्हा माणसाला थांबवावं की त्याच्याबरोबर बुडावं हे ठरवता येत नाही. कचरागाडी वळणात शिरली. अर्धं वळण तिने घेतलंसुद्धा. एन्नोचे ओठ हलत होते. आकडा पुटपुटत होता बहुधा. मग तिचं मागचं अंग काठाला घासलं, तिने बालवाडीचं घर उचललं आणि घरासकट कालव्यात गेली.

टक्. आणि पाठोपाठ, जरा हलका, टिक्. ते घर.

बॅन्डने वाजवणं थांबवलं. एन्नोने पुस्तक उघडलं, मिटलं.

आणि त्या शांततेत माझ्या पायापाशी उभ्या असलेल्या टोम्केने, जी तोवर दोन शब्दांपुढे कधी गेली नव्हती आणि जिला त्यासाठी मी तीन डॉक्टरांना दाखवलं होतं, आयुष्यातलं पहिलं सबंध वाक्य उच्चारलं.

“आई, पुन्हा सगळ्यांना पाण्यात पाड.”

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मुलं रांगेत उभी राहिली. रांग लावायला आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. प्रत्येक मुलाला एकदा बस सोडायची होती आणि एकदा खाली बसून झेलायची होती. आधी ज्या मफिनांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, ते “बस पडलेला मला!” “ॲम्ब्युलन्सवाला माझा!” करत हातोहात संपले. रिकार्डाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मला मिठी मारली. (म्हटलं ना, राग करता येत नाही.) हार्मकाका खुर्ची टाकून बसले, आरसा तुटलेली बस पुन्हा पुन्हा रस्त्यावर ठेवत राहिले आणि म्हणाले, एकतीस वर्षांत जे करायची इच्छा होती ते आज झालं.

पण मी पाहत होते ते डीर्क्सबाईंकडे. त्या उभ्याउभ्या लिहीत होत्या. दोन पानं भरली, तिसरं उलटलं. माझ्या डोळ्यांसमोर एक सप्टेंबर येऊन उभा राहिला. घरी आल्यावर मी एन्नोला म्हटलं, “गेली जागा. नोकरी गेली. आता मी घरी बसून टोम्केला ओहोटी शिकवते.”

“आकडा बरोबर होता,” तो म्हणाला. त्याचं दुःख वेगळंच होतं.

सोमवारी संध्याकाळी सभा. पुन्हा त्याच खुर्च्या. उमेदवारांच्या आयांनी एका बाजूला बसायचं आणि बोलायचं नाही. एन्नो टोम्केला मांडीवर घेऊन पाठीमागे कुठेतरी बसला होता. मेळाव्यानंतर त्याला अंगणातल्या तीनचाकी सायकलींच्या मार्गिका आखायला सल्लागार म्हणून घेतलं होतं. (मला विचारलं नव्हतं. ते समजण्यासारखं आहे.)

डीर्क्सबाईंनी वही उघडली.

“विषय चौथा. ऑगस्टची जागा. समितीने दोन्ही घरांचा विचार केला. पहिलं घर, रिकार्डा.” त्यांनी चष्मा सारखा केला. “घरात शांत वातावरण. आहार उत्तम. मूल आईबरोबर विणतं, माती कालवतं, पक्षी ओळखतं. सहभाग उत्कृष्ट.”

सगळ्यांनी खुर्च्यांवर बोटांनी टकटक केली. आमच्याकडे शाबासकी अशीच देतात. मीही केली. काय करणार?

“दुसरं घर, गेझिना.”

कोणी टकटक केली नाही. कोणीतरी खोकलं.

“सहभाग,” डीर्क्सबाई थांबल्या, योग्य शब्द शोधत असाव्यात, “भरपूर.”

मी मान खाली घातली. साहेबांना फोन कुठल्या शब्दांत करायचा याची जुळवाजुळव मनात सुरू झाली होती.

“आता नियम असा आहे,” डीर्क्सबाई पुढे म्हणाल्या, “की दोन घरं समोर असतील तर जागा चांगल्या घराला द्यायची नसते. ज्या मुलाला तिची जास्त गरज आहे त्याला द्यायची असते. समिती आणि उपस्थित मंडळी यांनी मेळाव्यात जे प्रत्यक्ष पाहिलं, त्यावरून असं मत झालं आहे की बोसेला घरी काही कमी नाही. टोम्केला मात्र...” त्यांनी पान उलटलं आणि वाचलं. “‘रोज किमान आठ तास घराबाहेर, समजूतदार मोठ्या माणसांच्या सहवासात ठेवणं तातडीने आवश्यक आहे. कारण: आई.’”

मला पहिल्यांदा फक्त ‘आठ तास’ एवढंच ऐकू आलं. आठ तास! म्हणजे मी कामावर जाऊ शकते. मी उठून उभी राहिले, डीर्क्सबाईंचे दोन्ही हात हातात घेतले, रडले, आभार मानले, मनापासून मानले. बाकीचा भाग डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

“ठरावाच्या बाजूने बावीस,” डीर्क्सबाई मला खाली बसवत म्हणाल्या. “विरोधात कोणी नाही. रिकार्डाने तर आपण होऊन पाठिंबा दिला.”

बाहेर पडून सायकलीपर्यंत पोचल्यावर माझ्यातली गणितवाली जागी झाली. मला आकडे तसे सोडवत नाहीत. मत द्यायचा हक्क असलेले पालक खोलीत किती होते? मी चेहरे आठवून मोजले. पुन्हा मोजले. वीस. रिकार्डाचा पाठिंबा धरला तर एकवीस.

“एन्नो,” मी म्हटलं, “एक मत जास्त आहे.”

तो टोम्केला सायकलच्या मागच्या खुर्चीत बसवत होता. तिचा पट्टा त्याने नीट लावला, ओढून पाहिला, तिच्या डोक्यावर टोपी घातली. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

“सल्लागारालाही मत असतं,” तो म्हणाला.